आपल्या हातांतलें आणि दैवाच्या हातांतलें

घरांत मृत्यु झाला असतां जो डोळ्यांतून टिपूस काढीत नाहीं, व्यापारांत सर्वस्व बुडालें असतां ज्याच्या कपाळाला आठी पडत नाहीं, अशा मनुष्याला इंग्रजी शिकलेला माणूस 'स्टोइक' म्हणून मोकळा होतो. हा शब्द उच्चारतांना त्याच्या मनांत थोडें कौतुक असतें, तशी थोडी कींवहि असते; कारण अशा मनुष्याचें काळीज दगडाचें असावें असा त्याचा अंदाज असतो. सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं अथेन्सच्या बाजारांत जन्मलेल्या एका विचारपंथाचें नांव अशा रीतीनें दगडी काळजाला पर्याय होऊन बसलें आहे. परंतु हा पंथ ज्यांनीं उभारला आणि आपल्या आयुष्यांत आचरून पाहिला, त्यांच्या चरित्रांत डोकावलें तर निराळींच माणसें भेटतात. आपल्या शिक्षकाच्या मृत्यूनें रडणारा एक राजपुत्र त्यांत आहे. समुद्रावरच्या वादळांत भीतीनें पांढराफटक पडलेला एक पंडित आहे. मित्राचें टाकलें जाणारें मूल आपल्या घरीं आणणारा एक लंगडा म्हातारा आहे. आणि ज्याची शिकवण व वागणूक यांतील अंतर सगळ्या रोमला दिसत होतें असा एक प्रधानहि आहे. या माणसांनीं नेमकें काय शिकविलें, आणि त्या शिकवणुकीची कसोटी लागली तेव्हां काय झालें, हें पाहण्याजोगें आहे.

पंथाचा संस्थापक झीनो हा सायप्रस बेटावरील सिटियम गांवचा. त्याचा जन्म इ. स. पू. ३३४ च्या सुमाराचा. जांभळ्या रंगाचा किंमती माल घेऊन निघालेलें त्याचें गलबत अथेन्सच्या पिरिअस बंदराजवळ फुटलें आणि सगळा माल समुद्रांत गेला, अशी कथा डायोजिनीस लेअर्शियस या चरित्रकारानें पुढें पांचशें वर्षांनीं नमूद करून ठेविली आहे. रिकाम्या हातानें अथेन्स शहरांत आलेला हा तरुण व्यापारी एका ग्रंथविक्रेत्याच्या दुकानांत जाऊन बसला. दुकानदार झेनोफननें लिहिलेल्या सॉक्रेटिसाच्या आठवणी वाचीत होता. झीनो ऐकतां ऐकतां रंगून गेला आणि अशीं माणसें कोठें भेटतात म्हणून विचारूं लागला. इतक्यांत क्रेटीस नांवाचा एक निष्कांचन तत्त्वज्ञ रस्त्यानें चालला होता. दुकानदारानें त्याच्याकडे बोट दाखविलें आणि झीनो त्याच्या मागें निघाला.

क्रेटीस हा 'सिनिक' पंथाचा. लोकलज्जा ही माणसाच्या पायांतील पहिली बेडी, असें हे लोक मानीत. झीनो स्वभावानें लाजाळू होता. ही लाज घालविण्यासाठीं क्रेटीसनें मसुरीच्या कालवणानें भरलेलें मडकें त्याच्या हातीं दिलें आणि भरवस्तींतून तें घेऊन चल म्हणून सांगितलें. झीनो मडकें झांकूं लागलेला पाहतांच गुरूनें काठीनें तें फोडून टाकलें. पायांवरून कालवण ओघळत असलेला शिष्य पळूं लागला, तेव्हां गुरु हंसत मागून विचारीत होता, कीं अरे, तुझें असें काय मोठें बिघडलें! पुढें जें तत्त्वज्ञान शेंकडों ग्रंथांतून मांडलें गेलें, त्याचें बीज या फुटलेल्या मडक्यांत सांपडतें. कपडे खराब झाले हें खरें. पण त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं होतें काय? तें तर झीनोच्या मनानें वरून चिकटविलें होतें.

झीनोनें स्वतः शिकविण्यास आरंभ केला तो इ. स. पू. ३०० च्या सुमारास. प्लेटोची 'अकादमी' होती, ॲरिस्टॉटलचें 'लायसिअम' होतें, एपिक्युरसानें स्वतःची बाग घेतली होती. परदेशी झीनोजवळ यांतलें कांहींच नव्हतें. अथेन्सच्या मुख्य चौकाच्या उत्तर कडेला एक लांब, खांबांची ओसरी होती. तिच्यांत मॅरेथॉनच्या लढाईचीं आणि इतर संग्रामांचीं चित्रें लाविलेलीं असल्यामुळें तिला 'चित्रित ओसरी' असें म्हणत. ओसरीला ग्रीक शब्द 'स्टोआ'. तेथें येरझारा घालीत झीनो बोले, आणि बाजारास आलेला कोणीहि ऐकायला उभा राही. त्या ओसरीवरून शिष्यांना 'स्टोइक' हें नांव पडलें. १९८१ सालीं अमेरिकन पुराणवस्तुसंशोधकांना अथेन्समध्यें उत्खनन करतांना या ओसरीचे अवशेष हातीं लागले.

काळ कसा होता हें ध्यानांत घेतलें पाहिजे. इ. स. पू. ३३८ मध्यें कैरोनियाच्या रणांगणावर मॅसिडोनियाच्या फिलिपनें ग्रीक नगरांचें स्वातंत्र्य मोडलें. त्याचा पुत्र अलेक्झांडर इ. स. पू. ३२३ मध्यें मरण पावला आणि त्याचे सेनापति राज्याच्या वांटणीसाठीं आपसांत लढूं लागले. ज्या अथेन्समध्यें नागरिक सभेंत उठून युद्धाचा आणि तहाचा निर्णय करीत, त्या अथेन्सचें भवितव्य आतां परक्या सरदारांच्या छावण्यांत ठरूं लागलें. आपल्या गांवचा कारभारहि ज्याच्या हातीं उरला नाहीं, त्याच्या हातीं उरलें तरी काय? झीनोच्या ओसरींतून या प्रश्नाला मिळालेलें उत्तर त्या काळच्या माणसाला जिव्हाळ्याचें वाटलें, यांत नवल नाहीं. अथेन्सकरांनीं या परदेशी मनुष्याला सोन्याचा मुकुट अर्पण केला आणि तो इ. स. पू. २६२ च्या सुमारास वारला तेव्हां सार्वजनिक खर्चानें त्याची समाधि बांधली.

त्याच्या मागून क्लिअँथीस गादीवर आला. हा पूर्वींचा मुष्टियोद्धा. रात्रीं लोकांच्या बागांना पाणी घालून पोट भरावें आणि दिवसा तत्त्वज्ञान शिकावें, असा त्याचा क्रम. तिसरा क्रायसिपस. त्यानें सातशेंहून अधिक ग्रंथ लिहिले असें सांगतात. त्यांपैकीं आज एकहि पूर्ण उपलब्ध नाहीं. इतरांनीं खंडनासाठीं म्हणून जीं वाक्यें उतरून घेतलीं, त्यांवरूनच त्याच्या बुद्धीची झेंप कळते.

या आचार्यांनीं आपलें शास्त्र एका मळ्याच्या उपमेनें समजाविलें आहे. तर्कशास्त्र हें मळ्याचें कुंपण, सृष्टिशास्त्र ही जमीन, आणि नीतिशास्त्र हें पीक. कुंपण नसेल तर भलताच विचार आंत शिरून नासधूस करतो. जमीन नसेल तर पीक उगवतच नाहीं. आणि पीक हातीं येणार नसेल तर कुंपण कशासाठीं? सृष्टीविषयीं त्यांचें मत असें कीं, हें सर्व जग एक सजीव शरीर असून त्याच्या कणाकणांत एक विवेकशक्ति भरून राहिली आहे. तिला त्यांनीं 'लोगोस' म्हटलें. तीच ईश्वर, तीच प्रारब्ध आणि तीच निसर्गाचा नियम. माणसाची बुद्धि हा त्या महाज्वालेचा एक स्फुल्लिंग. म्हणून निसर्गाशीं सुसंगत जगणें म्हणजे वनांत जाऊन राहणें नव्हे, तर आपल्या ठिकाणच्या या विवेकाशीं इमान राखून जगणें.

यावरून त्यांचा मुख्य सिद्धान्त निघतो. खरें हित एकच, आणि तें सद्गुण. खरें अहित एकच, आणि तें दुर्गुण. सद्गुणाचीं चार रूपें: विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. आरोग्य, संपत्ति, कीर्ति, आयुष्य यांना ते हितहि म्हणत नाहींत आणि अहितहि म्हणत नाहींत. चोरालाहि आरोग्य लाभतें आणि सज्जनहि दारिद्र्यांत मरतो. ज्याचा चांगला किंवा वाईट उपयोग होऊं शकतो, तें स्वतः चांगलें कसें म्हणावें? परंतु याचा अर्थ असा नव्हे कीं, या गोष्टी टाकाऊ आहेत. आजारापेक्षां आरोग्य निवडावें, उपासमारीपेक्षां अन्न निवडावें. मात्र त्यांच्यासाठीं न्याय विकूं नये. येथें त्यांनीं धनुर्धराचा दृष्टान्त दिला आहे. नेम धरणें, प्रत्यंचा नीट ओढणें, योग्य क्षणीं बाण सोडणें, हें सर्व धनुर्धराचें काम. बाण सुटल्यावर वारा फिरला किंवा लक्ष्य हललें, तर तें त्याच्या हातचें नाहीं. चांगला धनुर्धर लक्ष्याविषयीं बेफिकीर नसतो. तो सर्व शक्ति पणास लावून नेम धरतो. पण त्याची योग्यता नेमावरून ठरते, बाण कोठें पडला यावरून ठरत नाहीं.

हें ऐकतांच मराठी माणसाला गीतेंतील स्थितप्रज्ञाची आणि फलाशा सोडून केलेल्या कर्माची आठवण होणें स्वाभाविक आहे. साम्य मोठें आहे. परंतु भेदहि विसरतां कामा नये. स्टोइकांचा ईश्वर सृष्टीच्या पलीकडे नाहीं, तो सृष्टींतच आहे. त्यांच्या मतें आत्मासुद्धां एक सूक्ष्म भौतिक पदार्थच आहे, आणि जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटून मोक्ष मिळविणें हें ध्येय त्यांच्यापुढें नाहीं. जें साधावयाचें तें येथेंच, या बाजारांत, या घरांत आणि या आयुष्यांत.

आतां दगडी काळजाचा आक्षेप घेऊं. स्टोइकांनीं मनोविकारांचा निषेध केला हें खरें. परंतु विकार म्हणजे काय याची त्यांची व्याख्या सूक्ष्म आहे. संकट आलें कीं शरीर दचकतें, चेहरा उतरतो, डोळ्यांत पाणी येतें. हे पहिले धक्के निसर्गाचे आहेत आणि ते शहाण्यालाहि चुकत नाहींत. दुसऱ्या शतकांतील ऑलस गेलिअस या रोमन लेखकानें समुद्रप्रवासाची एक हकीकत दिली आहे. वादळांत गलबत सांपडलें असतां त्यावरचा एक नामांकित स्टोइक पंडितहि इतरांसारखाच पांढरा पडला. वादळ शमल्यावर एका श्रीमंत उतारूनें त्याला टोमणा मारला. पुढें गेलिअसनें आदरानें विचारलें, तेव्हां पंडितानें आपल्या सामानांतून एपिक्टेटसचें एक पुस्तक काढून त्यांतला उलगडा त्याला दाखविला. धक्का बसणें हा अपराध नव्हे. त्या धक्क्याच्या मागोमाग मन जेव्हां 'हें खरोखरच भयंकर आहे' असा निवाडा देतें आणि बुद्धि त्याला मान डोलावते, तेव्हां विकार जन्मतो. धक्का आणि निवाडा यांच्यामध्यें एक लहानशी फट असते. सारें स्टोइक शिक्षण त्या फटींत उभें राहण्याचें शिक्षण आहे.

दुसराहि आक्षेप असा घेतात कीं, आपल्या मनाची शांति सांभाळणारा मनुष्य जगाकडे पाठ फिरवील. पण स्टोइकांनीं तर माणसाला सर्व विश्वाचा नागरिक ठरविलें. हायरोक्लीस नांवाच्या दुसऱ्या शतकांतील लेखकानें याचें सुंदर चित्र काढलें आहे. मध्यें आपण, भोंवतीं आईबाप, भावंडें, बायकोमुलें यांचें वर्तुळ, मग काका-मामा, मग दूरचे नातलग, मग शेजारी, गांवकरी, देशबांधव, आणि सर्वांत बाहेर अखिल मानवजात. बाहेरच्या वर्तुळांतील माणसांना एकेक वर्तुळ आंत ओढीत राहणें हा शहाण्याचा उद्योग. त्यासाठीं त्यानें सुचविलेला उपाय अगदीं घरगुती आहे: चुलत भावाला भाऊच म्हणावें, काका-मामांना वडिलांच्या जागीं मानावें. म्हणतां म्हणतां जीभ मनाला वळण लावते.

हा विचार इ. स. पू. दुसऱ्या शतकांत रोममध्यें शिरला आणि तेथें त्याची खरी परीक्षा झाली. कारण ग्रीस देशांत तो पराभूतांचें सांत्वन होता, रोममध्यें तो राज्यकर्त्यांच्या हातीं पडला. सीझरच्या एकतंत्री सत्तेपुढें मान वांकविण्यापेक्षां इ. स. पू. ४६ मध्यें यूटिका येथें स्वतःच्या तलवारीनें प्राण देणारा केटो हा रोमन स्टोइकांचा आदर्श झाला. परंतु सम्राटांच्या राज्यांत रोजचें जगणें हें मरणाहून अवघड होतें. त्या अवघड जगण्याचें उदाहरण म्हणजे सेनेका.

सेनेका स्पेनमधील कॉर्डोव्हाचा. इ. स. ४१ मध्यें त्याला कॉर्सिका बेटावर हद्दपार करण्यांत आलें. आठ वर्षांनीं परत बोलावून त्याच्या हातीं लहान नीरोचें शिक्षण सोंपविलें. इ. स. ५४ मध्यें नीरो सम्राट झाला आणि सेनेका त्याचा मुख्य सल्लागार. पहिलीं कांहीं वर्षें राज्य बऱ्यापैकीं चाललें, याचें पुष्कळसें श्रेय सेनेकाला आणि त्याचा सहकारी बरस याला देतात. पण याच काळांत सेनेकाची संपत्ति तीस कोटि सेस्टर्सपर्यंत वाढली असा आरोप त्याच्या शत्रूनें भर चव्हाट्यावर केला. साधेपणावर निबंध लिहिणाऱ्या माणसाचे वाडे आणि बागा लोकांच्या डोळ्यांत सलूं लागल्या. खरा घाव मात्र इ. स. ५९ मध्यें पडला. नीरोनें आपल्या आईचा, ॲग्रिपायनाचा, खून करविला आणि त्या कृत्याचें समर्थन करणारें पत्र सीनेट सभेकडे पाठविलें. इतिहासकार टॅसिटस सांगतो कीं, त्या पत्राबद्दल लोकांनीं दोष दिला तो सेनेकाला. कारण लेखणी त्याची होती.

त्या दिवशीं सीनेटमध्यें पत्र वाचून झाल्यावर सभासद एकामागून एक सम्राटाचें अभिनंदन करूं लागले. थ्रेझीआ पीटस नांवाचा एक सभासद उठला आणि एक शब्दहि न बोलतां सभागृहाबाहेर चालता झाला. तोहि स्टोइकच होता. त्याच्या जाण्यानें ठराव थांबला नाहीं, ॲग्रिपायना जिवंत झाली नाहीं, आणि इ. स. ६६ मध्यें त्याला देहदंड झाला तेव्हां हें बहिर्गमन त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून मांडलें गेलें. एकाच दिवसाच्या या दोन चित्रांत स्टोइक शिकवणुकीचा सारा कस उतरला आहे. नीरोचें मन सेनेकाच्या हातांत नव्हतें, लेखणी होती. सीनेटचें बहुमत थ्रेझीआच्या हातांत नव्हतें, पाय होते.

सामान्यतः या तत्त्वज्ञानाचा अर्धाच भाग लोक उचलतात: जें आपल्या हातीं नाहीं त्याची खंत करूं नये. हा भाग गोड आहे आणि सोपाहि आहे. दुसरा भाग कडू आहे: जें आपल्या हातीं आहे, त्याविषयीं कोणतीहि सबब चालणार नाहीं. राजा दुष्ट होता, काळ वाईट होता, इतरांनींहि तेंच केलें, या साऱ्या सबबी पहिल्या भागानेंच निकालांत काढल्या आहेत. कारण राजा, काळ आणि इतर लोक हे कधींच आपल्या हातांतले नव्हते. सेनेकाला हें कळत नव्हतें असें नाहीं. इ. स. ६२ मध्यें त्यानें आपली सारी संपत्ति नीरोला परत देऊं केली. ती स्वीकारली गेली नाहीं. मग तो दरबारापासून दूर राहूं लागला आणि ल्युसिलिअस या मित्राला उद्देशून त्यानें पत्रें लिहिलीं. त्यांतील १२४ आज वाचावयास मिळतात. आपण वैद्य नसून त्याच रुग्णालयांत पडलेले एक रोगी आहोंत, अशा वृत्तीनें तो त्यांत बोलतो. म्हणूनच तीं पत्रें जिवंत राहिलीं. इ. स. ६५ मध्यें कटाच्या संशयावरून नीरोनें त्याला मरण पत्करण्याची आज्ञा केली, आणि त्या शेवटच्या घटकेला मात्र त्याची लेखणी व त्याचें वागणें यांत अंतर पडलें नाहीं.

याच रोममध्यें नीरोच्या एका मुक्त केलेल्या गुलामाच्या घरीं एक लंगडा मुलगा गुलाम म्हणून वाढत होता. त्याचें नांव एपिक्टेटस. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थच 'मिळविलेला' असा होतो. त्याचा जन्म इ. स. ५० नंतरच्या कांहीं वर्षांतला, फ्रिजिया प्रांतांतील हायरापोलिस येथला. गुलाम असतांनाच त्याला म्युसोनिअस रूफस या गुरूचीं व्याख्यानें ऐकावयास मिळालीं. हा म्युसोनिअस मोठा विलक्षण मनुष्य. सद्गुणाची पात्रता स्त्रीपुरुषांत सारखीच आहे, म्हणून मुलींनाहि मुलांप्रमाणेंच तत्त्वज्ञान शिकवावें, असें त्यानें पहिल्या शतकांत प्रतिपादिलें. पुढें १७५८ सालीं एपिक्टेटसच्या सर्व उपलब्ध व्याख्यानांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें, तें एलिझाबेथ कार्टर या विदुषीनें केलेलें होतें, हा योगायोग म्युसोनिअसला आवडला असता.

एपिक्टेटस पुढें मुक्त झाला आणि शिकवूं लागला. डोमिशियन सम्राटानें तत्त्वज्ञांना रोममधून हांकलून दिलें, तेव्हां तो ग्रीस देशांतील निकोपोलिस येथें गेला आणि तेथेंच त्यानें शाळा चालविली. त्यानें स्वतः कांहींच लिहिलें नाहीं. एरियन नांवाच्या शिष्यानें त्याचीं बोलणीं उतरून घेतलीं व त्यांतून एक लहानसें हस्तपुस्तकहि तयार केलें. त्याच्या आरंभींच ती प्रसिद्ध वांटणी आहे. मत, प्रवृत्ति, इच्छा आणि तिटकारा हीं आपल्या हातांतलीं. शरीर, मालमत्ता, लौकिक आणि अधिकार हीं आपल्या हातांतलीं नव्हत. गुलामगिरींत वाढलेल्या माणसाच्या तोंडीं ही वांटणी नुसता सिद्धान्त राहत नाहीं. ज्याच्या देहावर दुसऱ्याची मालकी होती, तो आपल्या मनावर कोणाची मालकी चालत नाहीं असें अनुभवानें सांगत होता.

त्याला कोठलें उदाहरण प्रिय होतें, हें पाहण्यासारखें आहे. थ्रेझीआचा जांवई हेल्व्हिडिअस प्रिस्कस याला व्हेस्पेशियन सम्राटानें सभेस न येण्याविषयीं बजावलें. हेल्व्हिडिअसचें उत्तर एपिक्टेटस रंगवून सांगे: सभासदत्व काढून घेणें सम्राटाच्या हातीं आहे, पण सभासद आहे तोंवर सभेस जाणें आणि मत विचारलें असतां योग्य वाटेल तें बोलणें हें हेल्व्हिडिअसचें काम आहे. मारणें हें एकाचें काम, न कचरतां मरणें हें दुसऱ्याचें. ही भाषा उदासीन संन्याशाची नव्हे. ही पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाची भाषा आहे. हाच एपिक्टेटस, जो एकटा व अगदीं साधेपणानें राहत आला होता, त्यानें म्हातारपणीं एका मित्राचें दारिद्र्यामुळें टाकलें जाणारें मूल घरीं आणलें आणि त्याला वाढविण्यासाठीं एका बाईला घरांत घेतलें. दगडी काळजाच्या माणसाला हा उपद्व्याप सुचला नसता.

त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांनीं त्याच्या व्याख्यानांची एक प्रत रस्टिकस या गुरूनें एका राजपुत्राच्या हातीं दिली. तो राजपुत्र मार्कस ऑरेलियस. त्याचा जन्म इ. स. १२१ चा. लहानपणच्या शिक्षकाच्या मृत्यूनें तो रडूं लागला, तेव्हां दरबारी लोक त्याला आवरूं लागले. पण त्याचा दत्तक पिता सम्राट अँटोनिनस म्हणाला कीं, त्याला माणूस होऊं द्या, तत्त्वज्ञान किंवा सिंहासन यांनीं माया नाहींशी होत नसते. इ. स. १६१ मध्यें मार्कस गादीवर बसला. पांच वर्षांच्या आंत पूर्वेकडून परतलेल्या सैन्याबरोबर भयंकर सांथ आली. उत्तरेला डॅन्यूब नदीवर जर्मन टोळ्यांनीं युद्ध मांडलें. त्याच्या तेरा-चौदा अपत्यांपैकीं बहुतेक लहानपणींच गेलीं. युद्धाचा खर्च भागविण्यासाठीं प्रजेवर नवा कर न बसवितां त्यानें राजवाड्यांतील मौल्यवान वस्तूंचा लिलांव केला.

या छावण्यांत, रात्रींच्या निवांत वेळीं, तो ग्रीक भाषेंत स्वतःशींच बोलणारीं टिपणें लिहीत असे. एका भागाच्या माथ्यावर क्वाडी टोळीच्या मुलखांतील ठिकाणाची, तर दुसऱ्याच्या माथ्यावर कार्नुन्टम छावणीची नोंद आहे. तीं कोणी वाचावीं अशी त्याची इच्छा नव्हती. सकाळीं उठावयाचा आळस येतो, दरबारांतलीं माणसें कृतघ्न भेटतात, स्तुति गोड लागते, अशा बारीकसारीक गोष्टींबद्दल जगाचा स्वामी त्यांत स्वतःचे कान उपटतांना दिसतो. इ. स. १७५ मध्यें अव्हिडिअस कॅसिअस या सेनापतीनें बंड केलें आणि त्याच्याच माणसांनीं त्याचा शिरच्छेद करून तें शिर सम्राटाकडे पाठविलें. मार्कसनें तें पाहण्याचें नाकारलें, आणि बंडांत कोण कोण सामील होतें तें दाखविणारीं पत्रें न वाचतां जाळण्यांत आलीं, असें इतिहासकार सांगतात. बंड होणें सम्राटाच्या हातीं नव्हतें. सूड घेणें वा न घेणें मात्र होतें.

या पंथाचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. गुलाम हाहि आपला बंधु आहे असें सेनेकानें लिहिलें, तरी त्याच्या घरीं गुलाम होतेच. गुलामांना मुक्ति मिळणें सुलभ व्हावें असे कांहीं निर्णय मार्कसनें दिले. पण ती प्रथाच उपटून टाकावी हा विचार त्याला शिवला नाहीं. इ. स. १७७ मध्यें ल्योन येथें ख्रिस्ती लोकांचा अमानुष छळ झाला तो त्याच्याच राज्यांत. कॉमोडस या पुत्राच्या हातीं त्यानें राज्य सोंपविलें आणि त्याचे परिणाम रोमला भोगावे लागले. या सर्व ठिकाणीं स्टोइकांची चूक एकाच जातीची आहे. 'आपल्या हातांतलें' आणि 'दैवाच्या हातांतलें' यांमधली रेघ त्यांनीं एकदां ओढली आणि ती हलणारी आहे हें ते विसरले. गुलामगिरी एपिक्टेटसच्या हातांतली नव्हती. पण सम्राटाच्या तर होती! सत्ता वाढली, ज्ञान वाढलें, कीं दैवाच्या खात्यावरील पुष्कळ रकमा आपल्या खात्यावर येतात. सांथीपुढें मार्कस हतबल होता. आजचा वैद्य तसा नाहीं. ही रेघ प्रत्येक पिढीनें आणि प्रत्येक माणसानें आपल्या ठिकाणीं पुन्हां ओढावयाची असते, आणि ती प्रामाणिकपणें ओढणें हेंच सर्वांत कठीण काम.

इ. स. ५२९ मध्यें जस्टिनियन सम्राटानें अथेन्समधील तत्त्वज्ञानाच्या अध्यापनास बंदी केली, त्यापूर्वींच स्टोइकांची परंपरा विझली होती. पण पुस्तकें राहिलीं. १५८४ सालीं नेदरलंड्समधील धर्मयुद्धांच्या धुमश्चक्रींत लिप्सिअस या पंडितानें त्यांच्या आधारें मनाच्या स्थैर्यावर ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारकानें, घटना माणसाला तितकें दुःख देत नाहीं जितका तिच्याविषयींचा त्याचा समज देतो, या एपिक्टेटसच्या विचारावर आपल्या उपचारपद्धतीची उभारणी केली आणि हें ऋण मोकळेपणानें कबूल केलें.

परंतु सर्वांत कठोर परीक्षा एका वैमानिकाची झाली. ९ सप्टेंबर १९६५ या दिवशीं जेम्स स्टॉकडेल या अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्याचें विमान उत्तर व्हिएतनामवर पाडण्यांत आलें. हवाई छत्रीनें खालीं येत असतां, यंत्रांचें जग सोडून आपण एपिक्टेटसच्या जगांत प्रवेश करीत आहों, असें तो मनाशीं म्हणाला. विद्यापीठांतील एका प्राध्यापकानें दिलेलें तें लहानसें हस्तपुस्तक त्यानें पूर्वीं वाचलें होतें. पुढें साडेसात वर्षें तो कैदेंत होता. त्यांतलीं चार वर्षें एकांतकोठडींत. पाय मोडून तोहि आपल्या गुरूसारखा लंगडा झाला. सुटका केव्हां होईल, हें त्याच्या हातांत नव्हतें. भिंतीवर टिचक्या मारून शेजारच्या कोठडींतील सोबत्याला धीर देणें, हें होतें. आणि तें त्यानें केलें.

त्या युद्धाविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. गलबत फुटलेला व्यापारी, मालकाचा गुलाम, छावणींतला सम्राट आणि कोठडींतला कैदी, या चौघांनीं एकाच प्रश्नाचें उत्तर आपापल्या जागीं शोधलें. सर्व कांहीं हातचें गेल्यावरहि शेवटीं काय उरतें, हा त्याचा पहिला भाग. आणि जें उरलें त्याचें आतां काय करणार, हा दुसरा. पहिल्या भागाचें उत्तर पुस्तकांत सांपडतें. दुसऱ्याचें ज्यानें त्यानें, थ्रेझीआप्रमाणें, आपल्या पायांनीं द्यावयाचें असतें.